पहाटेचं तीन अब्जांचं बिल: रॉबिनहूड प्रकरणात रिबिट कॅपिटलने काय केलं

१ फेब्रुवारी २०२१, सोमवार. रॉबिनहूड या अमेरिकी ब्रोकरेज कंपनीने जाहीर केलं, की गेल्या गुरुवारपासून आपण ३.४ अब्ज डॉलर उभे केले आहेत. २०१३ मध्ये कंपनी सुरू झाल्यापासून भांडवल उभारणीच्या सगळ्या फेऱ्या मिळून जेवढं भांडवल जमलं होतं, त्याहून जास्त रक्कम या चार-पाच दिवसांत आली. फेरीच्या अग्रभागी होती रिबिट कॅपिटल. सोबत आयकॉनिक, अँड्रीसन होरोविट्झ, सिकोया, इंडेक्स व्हेंचर्स आणि एनईए हे जुनेच भागधारक होते.

व्हेंचर कॅपिटलमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे लावण्याच्या धंद्यात, मोठ्या फेरीला दोन-तीन महिने सहज लागतात. हिशेब तपासले जातात, वकिलांचे मसुदे फिरतात, कंपनीच्या मूल्यावर घासाघीस होते. इथे मात्र काही शेअरची खरेदी अचानक बंद केल्यामुळे कंपनीवर देशभरातून संताप कोसळत होता, ग्राहक खटले दाखल करत होते, खासदार चौकशीची मागणी करत होते. आणि नेमक्या त्याच दिवसांत तिला पैसे मिळाले. का मिळाले, कोणत्या अटींवर मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे नीट पाहिलं तर वित्तीय तंत्रज्ञानात (फिनटेक) गुंतवणूक करणाऱ्या फर्मचं खरं काम काय असतं ते कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की फिनटेक कंपनीत पैसे घालणारा माणूस ॲपमध्ये पैसे घालतोय असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात तो त्या ॲपमागच्या ताळेबंदाची जबाबदारी घेत असतो. रिबिटला हे कळत होतं. पण ते थोडं उशिरा कृतीत आलं.

रिबिट कोण

रिबिट कॅपिटल ही कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोची फर्म, २०१२ साली सुरू झालेली. संस्थापक मिकी मल्का मूळचे व्हेनेझुएलाचे, स्वतः वित्तीय कंपन्या उभ्या केलेले उद्योजक. चलन कोसळणं, बँका अडचणीत येणं, लोकांची बचत विरघळणं हे ज्या देशात सर्रास झालं, तिथून आलेला माणूस पैशाच्या व्यवहाराकडे सिलिकॉन व्हॅलीतल्या इतरांपेक्षा वेगळ्या नजरेने बघणार, हे उघड आहे. रिबिटने पहिल्यापासून एकच क्षेत्र धरलं: पैसा. कॉइनबेस, क्रेडिट कर्मा, ब्राझीलची नूबँक, ब्रिटनची रेव्होल्युट. आपल्याकडच्या क्रेड, ग्रो, रेझरपे या कंपन्यांतही तिची गुंतवणूक आहे.

एकाच क्षेत्रात राहण्याचा तोटा असा, की ते क्षेत्र झोपलं की सगळा फंड झोपतो. फायदा असा, की अडचणीच्या दिवशी समोरच्याला शून्यापासून समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी २०२१ च्या अखेरीस हा फायदा अक्षरशः तासांमध्ये मोजला गेला.

गुरुवारची पहाट

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. व्हिडिओ गेमची दुकानं चालवणाऱ्या गेमस्टॉप कंपनीचा शेअर २०२० च्या अखेरीस १९ डॉलरच्याही खाली होता. २७ जानेवारी २०२१ ला तो ३४७ डॉलरच्या वर बंद झाला. रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर जमलेले किरकोळ गुंतवणूकदार खरेदी करत होते, भाव पडेल या अंदाजाने उसने शेअर विकलेल्या (शॉर्ट केलेल्या) हेज फंडांना तोटा सोसून शेअर परत घ्यावे लागत होते, आणि या खरेदीचा मोठा भाग रॉबिनहूडवरून होत होता.

२८ जानेवारीच्या पहाटे न्यूयॉर्कच्या वेळेनुसार ५ वाजून ११ मिनिटांनी रॉबिनहूड सिक्युरिटीज या रॉबिनहूडच्या उपकंपनीला एनएससीसी या क्लिअरिंग संस्थेकडून, म्हणजे ब्रोकरांमधली शेअर आणि पैशांची देवघेव पूर्ण करून देणाऱ्या संस्थेकडून, स्वयंचलित नोटीस आली: ठेवीत सुमारे ३ अब्ज डॉलर कमी आहेत, भरा. कॅलिफोर्नियात तेव्हा रात्रीचे सव्वादोन वाजले होते.

हा आकडा कसा तयार झाला ते जवळून बघू, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. कंपनीचे सहसंस्थापक व्लाद टेनेव्ह यांनी १८ फेब्रुवारीला अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिलेल्या निवेदनात त्याची फोड केली आहे. एकूण ठेव सुमारे ३.७ अब्ज हवी होती. त्यातले ६९.६ कोटी आधीच जमा होते. एकूण गरजेत मुख्यतः दोन गोष्टी होत्या. पहिली, पूर्ण न झालेल्या व्यवहारांच्या जोखमीवर आधारलेली ठेव, जी आता जवळपास १.३ अब्ज झाली होती. दुसरी, तिच्यावर बसलेला २.२ अब्जांहून जास्त ‘जादा भांडवल आकार’.

पहिली ठेव समजायला सोपी आहे. त्या काळात अमेरिकेत शेअरचा व्यवहार पूर्ण व्हायला दोन दिवस लागत. सोमवारी घेतलेल्या शेअरचे पैसे प्रत्यक्षात बुधवारी हात बदलत. मधल्या काळात ब्रोकर बुडाला तर एनएससीसीला भार उचलावा लागतो, म्हणून ती ब्रोकरकडून तारण घेते. तारणाचा आकार ब्रोकरच्या निव्वळ देण्यावर आणि शेअरच्या हेलकाव्यांवर ठरतो. मोठ्या ब्रोकरकडे घेणारे आणि विकणारे दोन्ही असतात. बराचसा व्यवहार आपसात फिटतो. रॉबिनहूडचे ग्राहक मात्र त्या आठवड्यात एकाच बाजूला झुकले होते, तेही मोजक्या शेअरमध्ये, आणि ते शेअर दिवसाला दुप्पट होत होते. जोखमीचं कोणतंही सूत्र अशा वेळी ओरडणारच.

दुसरा आकार जास्त बोलका आहे. ब्रोकरकडे नियमानुसार लागणाऱ्या भांडवलापेक्षा किती जादा भांडवल आहे ते एनएससीसी तेव्हा पाहत असे. हवी असलेली ठेव त्याच्या बाहेर गेली, की फरकावर वेगळा आकार बसायचा. म्हणजे ज्याची उशी पातळ, त्याला त्याच दिवशी सगळ्यात मोठा फटका. बाजाराच्या हेलकाव्यांमुळे रॉबिनहूडवर १.३ अब्जांचं ओझं आलं. स्वतःच्या भांडवलाच्या कमतरतेमुळे २.२ अब्जांचं. मोठा आकडा दुसरा आहे, हे विसरू नये.

सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान कंपनीने गेमस्टॉप, सिनेमागृहं चालवणारी एएमसी आणि आणखी काही शेअरमधली नवी खरेदी बंद करायचं ठरवलं. विकायला मुभा होती, घ्यायला नाही. एनएससीसीने आधी जादा आकार निम्म्याहून कमी केला आणि नऊनंतर लगेच तो त्या दिवसापुरता पूर्ण माफ केला. गरज १.४ अब्जांवर आली. रॉबिनहूडने ७३.७ कोटी डॉलर भरले, आधीचे ६९.६ कोटी मिळून हिशेब जुळला आणि बाजार उघडला. तरीही ही १.४ अब्जांची रक्कम तीनच दिवसांपूर्वीच्या गरजेच्या जवळपास दहापट होती.

गेमस्टॉप त्या दिवशी सकाळी ४८३ डॉलरपर्यंत जाऊन १९४ डॉलरच्या खाली बंद झाला. ज्यांच्या हातातून खरेदीचं बटण काढून घेतलं गेलं, त्यांना हा सरळ विश्वासघात वाटला. गरिबाला श्रीमंतांच्या बाजारात जागा मिळवून देतो असं सांगणाऱ्या कंपनीने हेज फंडांना वाचवण्यासाठी हे केलं, अशी चर्चा रात्रीपर्यंत सर्वत्र पसरली. कटाचा हा आरोप न्यायालयात टिकला नाही. पण कंपनीने पहिल्या दिवशी खरं कारण धड सांगितलं नाही. ठेवीचे पैसे कमी पडले असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही, आणि त्या गप्प राहण्याने आरोपाला खतपाणी मिळालं.

गुंतवणूकदाराच्या टेबलावरचा प्रश्न

गुरुवारी दिवसभर कंपनी पैसे शोधत होती. बँकांकडच्या कर्जमर्यादा वापरल्या गेल्या. रात्रीपर्यंत जुन्या भागधारकांकडून एक अब्जाहून जास्त मिळाल्याची बातमी आली; त्यात सिकोया आणि रिबिटची नावं होती. शनिवार-रविवारी उरलेले २.४ अब्ज ठरले.

आता रिबिटच्या जागी बसून विचार करा. समोर दोन शक्यता आहेत. कंपनी आतून पोकळ असेल, तर हा पैसा खड्ड्यात जाणार. कंपनी ठणठणीत असून फक्त आजच्या आज रोकड कमी पडत असेल, तर ही आयुष्यात क्वचित मिळणारी संधी. सगळा निर्णय या दोन शक्यतांमधला फरक ओळखण्यावर आहे.

आणि तो ओळखायला फिनटेकची नजर लागते. एनएससीसीकडे गेलेला पैसा खर्च होत नाही. तो तारण म्हणून बसतो. व्यवहार पूर्ण झाले, हेलकावे शमले, की परत येतो. जाहिरातीवर किंवा सवलतींवर उडवलेल्या पैशासारखा तो जळत नाही. शिवाय ग्राहकांचे पैसे वेगळे ठेवायचे असतात. ब्रोकरला आपली ठेव भरायला त्यांना हात लावता येत नाही. म्हणजे ग्राहकांच्या खात्यांत अब्जावधी डॉलर पडून असतानाही ब्रोकर स्वतः रोखीला मोताद असू शकतो. हे ज्याला पटकन समजतं तो ‘रॉबिनहूड बुडतंय का’ असं विचारणार नाही. तो विचारेल: जादा भांडवल नेमकं किती आहे, सोमवारी सकाळी सूत्र काय आकडा दाखवेल, आणि खरेदी पुन्हा पूर्ण खुली करायची तर किती लागेल.

या तिसऱ्या प्रश्नामुळेच रक्कम एक अब्जावर थांबली नाही, असं मला वाटतं. एका अब्जाने दार उघडं राहिलं असतं, पण बंधनं तशीच राहिली असती. शुक्रवारी तर निर्बंध असलेल्या शेअरची यादी ५० वर गेली होती आणि गेमस्टॉपचा एकच शेअर घ्यायची मुभा उरली होती. असा ब्रोकर आठवडाभर चालला असता तर ग्राहक उठून गेले असते, आणि मग रोखीची चणचण खरोखरच दिवाळखोरीकडे सरकली असती. क्लिअरिंग संस्थेची माफी त्या दिवसापुरती होती. तिच्या मर्जीवर धंदा उभा करता येत नाही.

दुसरीकडे आकडे उलटं सांगत होते. लोक शिव्या घालत होते आणि खातीही उघडत होते. २०२० अखेर रॉबिनहूडकडे पैसे भरलेली १.२५ कोटी खाती होती. मार्च २०२१ अखेर ती १.८ कोटी झाली. पहिल्या तिमाहीचा महसूल ५२.२ कोटी डॉलर होता, आदल्या वर्षाच्या चौपटीहून जास्त. शनिवार-रविवारी हे अंतिम आकडे कोणाकडेच नव्हते, पण ओघ कुठे चाललाय हे आतल्या माणसांना दिसत असणार.

प्रश्न उरतो रोख रकमेचा. व्हेंचर फंडाकडे पैसे तिजोरीत पडलेले नसतात. ज्यांनी फंडात पैसे कबूल केले आहेत, त्यांच्याकडून ते मागवावे लागतात आणि त्यासाठी साधारण दहा कामकाजाच्या दिवसांची नोटीस देण्याची पद्धत आहे. एका कंपनीत फंडाच्या ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त घालू नये, अशी अटही बहुतेक करारांत असते. शुक्रवारी ठरवून लगेच पैसे पाठवायचे तर बँकेकडून त्या कबुलीवर उचल घ्यायची, किंवा या एकाच सौद्यासाठी वेगळी संस्था काढून मोठ्या गुंतवणूकदारांना थेट सामील करून घ्यायचं. दोन्हीसाठी आधीची घडी बसलेली असावी लागते. फोनवर ‘हो’ म्हणणारे लोक त्या शनिवारी सापडत नाहीत. ते वर्षानुवर्षं जोडलेले असतात.

सौद्याची बांधणी

या सौद्यात शेअर विकले गेले नाहीत. परिवर्तनीय रोखे, म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज, दिले गेले. माझ्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे, दोन्ही बाजूंनी.

शेवटची फेरी सप्टेंबर २०२० मध्ये ११.७ अब्ज डॉलरच्या मूल्यावर झाली होती. चार महिन्यांत ग्राहक भरमसाट वाढले होते, म्हणजे तो भाव जुना झाला. पण कंपनी देशातल्या सगळ्यात नावडत्या कंपन्यांपैकी एक झाली होती, म्हणजे नवा भाव कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. अशा वेळी भावावर वाद घालत बसलं असतं तर सोमवार उजाडला असता. म्हणून भाव पुढे ढकलला: आत्ता पैसे घ्या, आयपीओ (लोकांना पहिल्यांदा शेअरविक्री) होईल तेव्हा त्या भावावर ३० टक्के सूट देऊन शेअर द्या. आयपीओची तयारी आधीपासून सुरूच होती, त्यामुळे हा ‘पुढे’ फार लांबचा नव्हता.

गुंतवणूकदारांनी वरून झाकणही लावून घेतलं. पहिल्या वर्गाच्या रोख्यांसाठी, म्हणजे एकूणातल्या सुमारे २.५३ अब्जांसाठी, रूपांतराचा भाव आयपीओच्या ७० टक्के किंवा ३८.२९ डॉलर, जो कमी असेल तो. ही मर्यादा साधारण ३० अब्जांच्या मूल्याशी जुळणारी होती. दुसऱ्या वर्गाच्या सुमारे १.०२ अब्जांसाठी मर्यादा ४२.१२ डॉलर. पहिल्या वर्गाला आणखी एक गोष्ट मिळाली: गुंतवलेल्या रकमेच्या १५ टक्क्यांएवढे वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे आणखी शेअर घेण्याचा हक्क, त्याच सवलतीच्या भावाने, दहा वर्षांच्या मुदतीचे. सगळं धरून अखेर ३.५५ अब्जांचे रोखे निघाले. व्याज वेगळं.

२९ जुलै २०२१ ला रॉबिनहूड नॅस्डॅक या शेअर बाजारावर आली. आयपीओचा भाव ३८ डॉलर. त्याचे ७० टक्के म्हणजे २६.६०. मर्यादेची गरजच पडली नाही. ती लागू व्हायला आयपीओ ५४.७० च्या वर जावा लागला असता. व्याजासकट सुमारे १३.७ कोटी शेअर रोखेधारकांना मिळाले, कंपनीच्या एकूण शेअरच्या साधारण १६ टक्के.

शंभर डॉलरचा हिशेब करून बघा. व्याज सोडलं तरी २६.६० च्या भावाने ३.७६ शेअर. ३८ च्या भावाने त्यांची किंमत १४२.८६. वॉरंटचा त्या क्षणीचा फायदा सहा डॉलरच्या वर. सहा महिन्यांत जवळपास दीडपट, आणि तेही आयपीओचा भाव काहीही लागला असता तरी साधारण तसंच. भाव २० लागला असता तर १४ ला मिळाले असते. प्रमाण तेच. म्हणजे भावाची जोखीम गुंतवणूकदारांनी जवळजवळ घेतलीच नाही. त्यांनी घेतली ती वेळेची जोखीम: आयपीओ होईल का, कधी होईल, तोवर कंपनी उभी राहील का.

हे फुकट नव्हतं आणि ते कंपनीच्या पुस्तकात दिसलं. २०२१ च्या पहिल्या तिमाहीत रॉबिनहूडला १.४ अब्जांहून जास्त निव्वळ तोटा झाला, कारण या रोख्यांची आणि वॉरंटची किंमत वाढल्यामुळे तब्बल १.५ अब्जांचा बोजा हिशेबात दाखवावा लागला. धंदा चौपट, तोटा अब्जांत. हा पैसा कंपनीच्या बँक खात्यातून गेला नाही. तो संस्थापक, कर्मचारी आणि इतर जुन्या भागधारकांच्या वाट्यातून गेला.

जास्त महाग पडला का? मला विचाराल तर नाही. अडीच-तीन अब्ज डॉलर दोन दिवसांत, तपासणीला वेळ न देता, खटल्यांच्या वादळात. तेवढ्या रकमेला ३० टक्के सूट अवाजवी नाही. ११.७ अब्जांच्या जुन्या भावाने शेअर दिले असते तर हिस्सा यापेक्षा कितीतरी जास्त गेला असता. वॉरंट मात्र मला खटकतात. सूट, मर्यादा, व्याज मिळाल्यावर वर आणखी १५ टक्के घेणं म्हणजे समोरच्याला पर्याय नाही हे ओळखून मारलेला हात आहे.

आधी विचारायचा होता तो प्रश्न

इथे मला रिबिटचं आणि तिच्या सोबत्यांचं कौतुक थोडं आवरावंसं वाटतं.

२०१८ पर्यंत रॉबिनहूड दुसऱ्या कंपनीमार्फत क्लिअरिंग करून घेत होती. त्या वर्षाच्या शेवटी तिने स्वतःची क्लिअरिंग यंत्रणा सुरू केली. धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होतं. दर व्यवहाराचा खर्च घटतो, चुका हातात येतात, नवीन सोयी लवकर देता येतात. पण त्या दिवसापासून एनएससीसीसमोर कंपनी स्वतः उभी राहिली आणि ठेवीची जबाबदारी तिच्या ताळेबंदावर आली. (दुसऱ्याकडून क्लिअरिंग करून घेणारेही २८ जानेवारीला सुटले नाहीत, एपेक्स या क्लिअरिंग कंपनीमुळे अनेक छोट्या ब्रोकरना त्या दिवशी काही काळ खरेदी थांबवावी लागली. पण तिथे तारणाचं गणित एपेक्सचं होतं.)

स्वतः क्लिअरिंग करायचं ठरवलं, की पुढचा प्रश्न अपरिहार्य असतो: सगळे ग्राहक एकाच दिवशी एकाच शेअरमध्ये एकाच बाजूला धावले तर आपलं जादा भांडवल पुरेल का? हा प्रश्न अवघड नाही. आपले ग्राहक कोण, ते कसे वागतात, कोणत्या शेअरमागे लागतात, हे कंपनीला आणि तिच्या गुंतवणूकदारांना इतर कोणापेक्षाही चांगलं माहीत होतं. कंपनीचं आकर्षणच त्यावर उभं होतं.

मग उशी पातळ का राहिली? माझं उत्तर सरळ आहे. निजून राहिलेलं भांडवल परताव्याला मारतं. व्हेंचर गुंतवणूकदाराला शंभर डॉलरमधले नव्वद वाढीवर लागलेले हवे असतात. तीस डॉलर तारणाच्या भीतीने बाजूला ठेवलेले त्याला उधळपट्टी वाटते. बोर्डावरची माणसं याच विचारातून आलेली असतात. या फेरीतल्या इंडेक्स आणि एनईएचे भागीदार रॉबिनहूडच्या संचालक मंडळावर होते. जून २०२२ मध्ये काँग्रेसच्या वित्तीय सेवा समितीतल्या डेमोक्रॅट बाजूच्या कर्मचाऱ्यांनी काढलेल्या अहवालात रॉबिनहूडच्या जोखीम व्यवस्थापनावर कडक ताशेरे आहेत, आणि त्या दिवशी तारण भरण्यात कसूर होण्यापासून ती वाचली ती एनएससीसीने दिलेल्या माफीमुळे, असं स्पष्ट म्हटलं आहे. त्या सकाळी सहा ब्रोकरना मिळून ९.७ अब्ज डॉलरचा आकार माफ झाला होता.

हाच पैसा, समजा त्यातला एक अब्ज, २०२० च्या शरद ऋतूत शांतपणे भरला असता तर? तेव्हा भाव ठरवायला वेळ होता, सूट लागली नसती, वॉरंट लागले नसते. आणि जादा भांडवल आकार ज्या फरकावर बसला तो फरकच आकसला असता, २.२ अब्जांचं बिल कदाचित त्याच्या काही अंशावर आलं असतं. शिस्तीने लावलेला एक अब्ज घाईने लावलेल्या साडेतीन अब्जांचं बरंच काम करून गेला असता. याची किंमत अर्थात दोघांना वेगवेगळी पडली. उशिराचा पैसा कंपनीला महाग पडला आणि ज्यांनी दिला त्यांना भरपूर परतावा देऊन गेला. हेतू कोणाचा वाईट होता असं मी म्हणत नाही. पण आधी सावध न करणारा आणि नंतर सवलतीत वाचवणारा जर एकच असेल, तर बोर्डावर बसलेल्या स्वतंत्र माणसाने हा प्रश्न मोठ्याने विचारायला हवा, आणि असा माणूस बोर्डावर असायला हवा.

नंतर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच खरेदीवरची सगळी बंधनं उठली. पैसा ज्या कामासाठी आला होता ते काम झालं. क्लिअरिंगच्या बाजूनेही बदल झाला: २८ मे २०२४ पासून अमेरिकेत व्यवहार एका दिवसात पूर्ण होऊ लागले, म्हणजे तारण अडकून पडण्याचा काळ निम्म्यावर आला. टेनेव्ह २०२१ पासूनच याची मागणी करत होते, आणि ती मागणी रास्त होती.

रोखेधारकांचा पुढचा प्रवास सरळ नव्हता. शेअर पहिल्याच दिवशी ३४.८२ ला बंद झाला. ४ ऑगस्टला तो ८५ डॉलरपर्यंत उसळून ७०.३९ ला थांबला. दुसऱ्या दिवशी कंपनीने जाहीर केलं, की जुने भागधारक पुढच्या काळात ९.७९ कोटींपर्यंत शेअर विकू शकतील. त्या दिवशी भाव २७ टक्क्यांहून जास्त पडला. वर्षअखेरीस तो १८ डॉलरच्या खाली होता, म्हणजे शंभराचे ६७. जून २०२२ मध्ये सात डॉलरच्याही खाली, म्हणजे शंभराचे जेमतेम २६. आयपीओच्या दिवशी दीडपट दिसलेला सौदा अकरा महिन्यांनी पाव उरला होता. ज्यांनी धरून ठेवलं त्यांना भाव ३८ च्या वर परतायला २०२४ ची अखेर बघावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये रॉबिनहूड एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात गेली तेव्हा शेअर शंभर डॉलरच्या वर होता. रोख्यांतले शंभर डॉलर तेव्हा पावणेचारशेच्या पुढे गेलेले असणार, वॉरंट सोडून. सूट भावाची जोखीम कमी करते, पण शेअर हातात पडल्यानंतरची तीन वर्षं कोणतीही अट सुसह्य करत नाही.

आयपीओत कंपनीने एक वेगळी गोष्ट केली. २० ते ३५ टक्के शेअर तिने आपल्या ॲपवरच्या ग्राहकांसाठी राखून ठेवले. सहसा संस्थांना मिळणारा भाव सामान्य माणसाला मिळावा, ही त्यामागची कल्पना, आणि ती चांगली आहे. त्या ग्राहकांतले कितीतरी जण २८ जानेवारीला गेमस्टॉप घेऊ न शकलेले असतील. त्यांना शेअर मिळाला ३८ डॉलरला. ज्यांनी जानेवारीच्या संकटात पैसे दिले, त्यांना तोच शेअर त्याच आठवड्यात २६.६० ला मिळाला. दोन्ही भाव प्रॉस्पेक्टसमध्ये छापलेले होते, आणि ज्याला वाचायचे त्याला वाचता येत होते.